सुट्टी त्यांची, हंगाम आपला

मार्गशीर्ष लागला की जोयडा तालुक्यात सकाळी उशिरापर्यंत धुकं हटत नाही. भाताची कापणी उरकत आलेली असते. कुणाच्या खळ्यावर मळणी चाललेली, कुणाच्या अंगणात सुपारी वाळत पडलेली, कुणी परसात कुदळ घेऊन कणग्या खणत बसलेलं. आणि नेमक्या याच दिवसांत अनमोडचा घाट चढून गोव्याच्या टॅक्स्या रामनगरकडे यायला लागतात. टपावर दोरीने बांधलेल्या मोठमोठ्या बॅगा आणि आत पेंगुळलेली मुलं. चहाच्या दुकानावरची मंडळी लगेच ओळखतात, "दुबईवाले आले वाटतं." नाहीतर "अमेरिकावाले आले." कोणाच्या घरचे, हे कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या ५० हजारांच्या थोडी वर होती. एवढ्या विरळ वस्तीत एका घरी पाहुणे आले की ते गावभर होतंच.

या पाहुण्यांबद्दल, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांचं आगतस्वागत करणाऱ्या घरच्या माणसांबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आपण दोन भाषांत वाढलेली माणसं. मराठीत सुट्टी आणि रजा असे दोन शब्द आहेत. सुट्टी सगळ्यांना मिळते, न मागता मिळते. रजा मागावी लागते आणि वरच्या माणसाने ती मंजूर करावी लागते. कन्नडात मात्र दोन्हींसाठी 'रजे' हा एकच शब्द चालतो. मुलं शाळेतून "इवत्तु रजे" म्हणत नाचत येतात आणि कारकूनसुद्धा साहेबाकडे 'रजे'च मागतो. परदेशातल्या डिसेंबरचा विचार करताना मराठीतला हा भेद फार उपयोगी पडतो. आपल्याला इथे बसून वाटतं की नाताळात तिकडे सगळ्यांना महिनाभर सुट्टी असते. प्रत्यक्षात सुट्टी असते ती मुलांच्या शाळेला. आईबापांना रजाच काढावी लागते.

अमेरिकेचंच बघा. तिथे २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन दिवस सरकारी सुट्टीचे. बाकी पगारी रजा किती द्यायची याचा देशभरासाठी एक कायदाच नाही, ज्याच्या त्याच्या कंपनीची मर्जी. इंग्लंडात त्या मानाने बरं. २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीची सुट्टी, शिवाय आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाची किमान २८ दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते, सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरून. अमिरातीत वर्ष भरलं की ३० दिवसांची रजा, सौदीत पहिली पाच वर्षं २१ दिवस आणि नंतर ३०. पण अमिरातीत २५ डिसेंबरची सुट्टी नसते आणि सौदीत १ जानेवारीचीही नसते. म्हणजे आखातात राहणाऱ्या आपल्या माणसाला नाताळची सुट्टी असते ती केवळ मुलांच्या शाळेमुळे. ऑस्ट्रेलियात तर उलटाच प्रकार. तिथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, शाळांची सर्वांत मोठी सुट्टी तीच. आपल्याकडच्या मे महिन्यासारखी.

तेव्हा रामनगरच्या नाक्यावर जो माणूस उतरतो, त्याने ही पंधरा दिवसांची रजा वर्षभर साठवलेली असते. कधी आजारपणातही वापरलेली नसते. शाळेच्या सुट्टीत सगळ्यांनाच निघायचं असतं म्हणून विमानाची तिकिटं त्याच दिवसांत सर्वांत महाग होतात. हे सगळं करून तो येतो. त्याच्या येण्याची किंमत आपण कमी लेखू नये.

जे येऊ शकत नाहीत, त्यांचा डिसेंबर कसा जातो हेही इथल्या आईबापांनी समजून घ्यायला हवं. लंडनला नाताळच्या दिवशी सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. आपल्याकडे त्याच दिवशी अकरा तासांहून जास्त उजेड असतो. २५ डिसेंबरला तिथली भुयारी रेल्वे बंद, बस बंद, बहुतेक दुकानं बंद. सगळा देश आपापल्या घरात, आपापल्या माणसांत. ज्याचं तिथे कुणी नाही त्याला त्या दिवशी जेवढं एकटं वाटतं तेवढं वर्षभरात वाटत नाही. दिवाळीला निदान ऑफिस असतं, कामात दिवस जातो. नाताळात करण्यासारखं काहीच नसतं. म्हणून तर मराठी मंडळं आणि कन्नड कूट यांना त्या दिवसांत महत्त्व येतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था म्हणजे १९८१ मध्ये स्थापन झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ. कन्नड मंडळींचे कूटही गावोगावी आहेत. आपल्यासारख्या दुभाषी घरातल्यांची तिथे गंमतच होते. जानेवारीत एका शनिवारी मराठी मंडळात तिळगूळ घ्यायचा आणि पुढच्या शनिवारी कन्नड कूटात एळ्ळु-बेल्ल. तीळ तेच, गूळ तोच, फक्त गोड बोलण्याचा आग्रह दोन भाषांत!

आखातातल्या साध्या कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. तो कुटुंब नेत नाही, एका खोलीत सहा-सातजण राहतात. पुष्कळांना गावी यायला दोन वर्षांनी एकदाच मिळतं, आणि ते कधी यायचं हे त्याच्या हातात नसतं. डिसेंबरात साहेबलोकांना रजा द्यायची म्हणून याला थांबावं लागतं. त्याची हिवाळ्याची सुट्टी म्हणजे २ डिसेंबरचा अमिरातीचा राष्ट्रीय दिवस. हवा थंड झालेली असते, एखाद्या बागेत कारवार, खानापूर, जोयड्याची पोरं जमतात, कुणीतरी कोंबडीचा रस्सा करून आणतो आणि मग एकेकाचे गावाला व्हिडिओ कॉल सुरू होतात. आपल्या कितीतरी वाड्यांवर रेंज मिळायला टेकाडावर जावं लागतं. म्हातारी आई नातवाचा हात धरून टेकाड चढते. फोनवर बोलणं दोन मिनिटांचं, चढण अर्ध्या तासाची.

आता परदेश हा शब्द आपल्या तालुक्याला तसा नवा नाही. १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत गोव्याची रेल्वे जोडली गेली. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतलं शेवटचं स्टेशन, घाट उतरला की पोर्तुगीज राज्य. कुळ्याला त्यांची जकात, इथे यांची. एकाच बोलीत बोलणारी, एकमेकांत सोयरिकी असलेली माणसं एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन राज्यांत राहत होती. १९५५ मध्ये सीमा बंद झाली, गाडीही थांबली. जिचं माहेर घाटाखाली होतं तिच्यासाठी तीस-चाळीस मैलांवरचं ते गाव पाहता पाहता खरोखरचा परदेश झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग ही वाट पुन्हा मोकळी झाली. गोव्यात दर डिसेंबरात हा दिवस साजरा होतो. आपल्या बाजूच्या म्हाताऱ्या बायका असत्या तर त्यांनी तो माहेरपणाचा दिवस म्हणून साजरा केला असता.

कन्नडात 'परदेशी' या शब्दाला एक वेगळी छटा आहे. परक्या देशातला हा अर्थ आहेच, पण ज्याला कुणी नाही, जो उघड्यावर पडला आहे, त्यालाही बोलण्यात 'परदेशी' म्हणतात. या अर्थाने परदेशी व्हायला विमानात बसावं लागत नाही, हे सुपा गावच्या लोकांना विचारा. तालुक्याचं नाव पूर्वी सुपाच होतं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं ते गाव, बाजारपेठेचं, कचेऱ्यांचं. १९७४ च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० च्या दशकात पाणी चढलं. १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं आणि पुष्कळ कुटुंबं रामनगरला येऊन वसली. त्यांतल्याच काहींची मुलं शिकली, बेळगाव-हुबळी-पुणे करत पुढे आखातात, युरोपात, अमेरिकेत गेली. बाप धरणापायी गाव सोडून रामनगरला आला आणि मुलगा नोकरीपायी रामनगर सोडून गेला. दोन पिढ्यांत दोन स्थलांतरं.

अशा घरातला नातू डिसेंबरात येतो तेव्हा आजोबा त्याला धरणाच्या पाण्याकडे घेऊन जातात. पावसाळा नुकताच संपून गेलेला, म्हणून पाणी भरपूर. आजोबा बोट दाखवतात, "तिथे आपलं घर होतं." पोरगा बघतो. त्याला निळं पाणी आणि पलीकडचं जंगल दिसतं. तो विचारतो, "व्हेअर, अज्जा?" आजोबा पुन्हा बोट दाखवतात. त्यांच्या डोळ्यांना ओसरी, तुळस, गोठा सगळं दिसत असतं. पोराने अर्धा तास त्यांच्याजवळ बसून एकेक विचारून घेतलं, कोणत्या घराशेजारी कोण राहायचं, देऊळ कुठे, शाळा कुठे, तर ते गाव आणखी एक पिढी तरी कुणाच्या तरी डोक्यात राहील. पण तेवढा वेळ कुणाकडे असतो? साडेदहाला राफ्टिंगचं बुकिंग केलेलं असतं.

राफ्टिंगला माझा विरोध नाही. गणेशगुडीला जाऊन काळी नदीच्या उसळत्या पाण्यात मुलांनी जरूर भिजावं. आजोबांचं गाव बुडवणाऱ्या धरणातून सोडलेल्या पाण्यावरच ती होडी चालते, एवढं फक्त कुणीतरी त्यांना सांगावं. आमचा मुद्दा वेगळा आहे. ही पंधरा दिवसांची भेट नेमकी कशात खर्च होते, याचा हिशोब एकदा कागदावर मांडायला हवा.

समजा, वडील ७० वर्षांचे आहेत. मुलगा दोन वर्षांतून एकदा १५ दिवसांसाठी येतो. देवाच्या दयेने वडील आणखी १२ वर्षं हिंडते-फिरते राहिले असं धरू. म्हणजे भेटी झाल्या सहा, दिवस झाले ९०. त्यांतून प्रवासाचा शीण, पत्नीचं माहेर, एखादं लग्न, गोव्याची फेरी, बँकेची नि दाताच्या डॉक्टरची कामं वजा करा. निम्मे दिवस गेले. उरले ४५. ज्या आईवडिलांना आपण 'अजून बरीच वर्षं आहेत' असं म्हणतो, त्यांच्या वाट्याला आपण उरलेल्या सगळ्या आयुष्यात दीड महिना येणार. हा आकडा कुणाला घाबरवायला सांगत नाही. पण तो डोळ्यांसमोर असला की होमस्टेचं बुकिंग करताना हात जरा थांबतो. हल्ली आजीच्या घरापासून दहा किलोमीटरवर होमस्टेत उतरणारी घरचीच माणसं दिसतात, म्हणून हे सांगणं. कारण विचारलं तर म्हणतात, मुलांना बाथरूमची सवय नाही. अहो, होमस्टेच्या चार रात्रींच्या भाड्याला थोडी भर घातली तर आजीच्या घरी बाथरूम होईल, आणि वर्षभर म्हातारीचीही सोय होईल!

पण खरा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो घराघरांत असूनही त्यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. तो प्रश्न घरी राहिलेल्या भावाचा आणि त्याच्या बायकोचा आहे. कधी तो लग्न होऊन जवळच राहिलेल्या बहिणीचा असतो.

जो परदेशी गेला त्याची सुट्टी डिसेंबरात येते. पण इथे डिसेंबर हा कामाचा हंगाम. भात घरात यायचं असतं, सुपारी सोलायची, वाळवायची असते, परसातले कंद काढायचे असतात. पाळी ठरवून माणसं बोलावलेली असतात, त्यांचं जेवणखाण असतं. अशा ऐन धांदलीत चार पाहुणे पंधरा दिवसांसाठी येतात. त्यांना सकाळी वेगळा नाश्ता लागतो, पाणी उकळून द्यावं लागतं, रात्री मुलं झोपत नाहीत म्हणून एक दिवा जागा ठेवावा लागतो. हे सगळं करते ती वहिनी. आपल्या कन्नड शेजारणी म्हणतील, अत्तिगे. दिवाळीचा फराळ ती डिसेंबरात पुन्हा करते, कारण दिवाळीला ते आले नव्हते. गणपतीचे मोदक करते, कारण चवथीलाही ते नव्हते. आणि संक्रांतीच्या आधीच शाळा सुरू होणार म्हणून तिळगूळही आठवडाभर आधी करून बॅगेत भरते. वर्षभराचे सगळे सण ती पंधरा दिवसांत उरकते. शेजारीपाजारी म्हणतात, "मुलगा आला, किती आनंद!" आनंद असतोच. पण चुलीपुढून ती हलत नाही हेही खरं असतं.

मग एखाद्या दिवशी पाहुण्याचं लक्ष आईच्या पायांच्या सुजेकडे जातं. "डॉक्टरला दाखवलं नाही का? इतके दिवस काय करत होतात?" हे वाक्य प्रेमापोटीच येतं, पण ज्याने वर्षभर तिला कारवार, बेळगाव, हुबळी, नाहीतर गोव्यात बांबोळीला नेलं, रात्री बारा वाजता जीप शोधली, त्याच्या काळजाला ते किती लागत असेल! दर नोव्हेंबरात बाबांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला त्यांना कोण घेऊन जातं? पहाणीचा उतारा काढायला, 'पौती खाते' म्हणजे वारसाची नोंद करायला तहसील कचेरीत कोण खेटे घालतं? बाहेरचा भाऊ पैसे पाठवतो, त्याचं मोल आहेच. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ सालच्या पाहणीप्रमाणे परदेशातून देशात येणाऱ्या अशा रकमेतला पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात येतो, आणि आपल्या कर्नाटकात साडेसात टक्क्यांच्या थोडा वर. या पैशाने घरांवर स्लॅब पडले, मुली शिकल्या, कर्जं फिटली. परंतु रात्री बारा वाजता आईला उचलून जीपमध्ये बसवायला पैसा येत नाही, माणूसच लागतो. पाठवणारा आणि सांभाळणारा, दोघांचाही हात त्या घराला लागलेला असतो. पाठवणाऱ्याचं कौतुक गावात होतं. सांभाळणाऱ्याचं कुणी करत नाही, कारण तो रोजच दिसतो.

आपल्याकडे पाहुणा आणि नातेवाईक यांना कन्नडात एकच शब्द आहे, नेंटरु. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मराठीतही सोयऱ्यांना पाहुणेच म्हणतात. पण घरातल्या माणसांना कन्नडात मने-मंदि म्हणतात. नेंटरु आले की त्यांना पाट द्यायचा, पाणी द्यायचं, ते उठेपर्यंत उभं राहायचं. मने-मंदि मात्र स्वतःच ताट घेतात, उष्टं उचलतात, गोठ्यात डोकावतात. परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसाने ठरवायचं आहे की पंधरा दिवस नेंटरु व्हायचं की मने-मंदि.

काही घरांनी यातून वाट काढलेली दिसते, ती इतरांनी घेण्यासारखी आहे.

आल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे. वेळेचा फरक असतो, डोळे रात्री उघडे आणि दिवसा मिटलेले, त्या दिवसांत कुणाकडे जायचं ठेवू नये. त्यानंतर सलग तीन-चार दिवस घरच्या वहिनीला तिच्या माहेरी, तवरु मनेला, पाठवून द्यायचं. होय, पाहुणे घरात असतानाच! स्वयंपाक आलेल्यांनी करायचा. मुलगा अमेरिकेत भांडी घासतो, कपडे धुतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग इथेच त्याला लाज का वाटावी? आणि आईनेही "माझा लेक चार दिवसांसाठी आलाय, त्याने का करावं" असं म्हणू नये. तसंच घरच्या भावाला दोन दिवस कुठेतरी जाऊ द्यावं, सुपारीच्या राशीवर बाहेरून आलेल्या भावाने बसावं. कामाची सवय गेलेली असेल तर मजूर जास्त लावावेत, पैसे त्याने द्यावेत. आईबाबांच्या गोळ्या कोणत्या वेळेला, डॉक्टर कोण, कागद कुठल्या पेटीत, हे सगळं त्या दोन दिवसांत आपोआप समजतं. "इतके दिवस काय करत होतात" हा प्रश्न मग पुन्हा तोंडातून येत नाही.

कागदपत्रांचं काम पहिल्या आठवड्यातच काढावं. डिसेंबरच्या अखेरीला कचेऱ्यांतही माणसं रजेवर असतात. जमिनीच्या वाटणीचं बोलणं मात्र निघायच्या आदल्या रात्री कधीही काढू नये. त्या एका रात्रीत बिघडलेलं पुढच्या भेटीपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, तसंच राहतं. आणि परतीच्या व्हिसाचं निघण्यापूर्वीच नीट पाहून घ्यावं. २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकी वकिलातींनी भारतातल्या एच-१बी व्हिसाच्या पुष्कळ मुलाखती ऐन वेळी पुढे ढकलल्या आणि दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेले कित्येकजण महिनोन्महिने इथे अडकले. नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे आणि पासपोर्ट इकडे. म्हणून कुणी म्हणाला, "यंदा नाही जमत, पुढच्या वर्षी बघू," तर त्याला माया उरली नाही असा अर्थ काढण्याची घाई आईबापांनी करू नये.

दर वेळी डिसेंबरच हवा असंही नाही. ज्यांची मुलं अजून शाळेत जायची आहेत किंवा मोठी होऊन गेली आहेत, त्यांना रजा केव्हाही घेता येते. त्यांनी एखाद्या वर्षी चवथीला यावं. तिकीट स्वस्त पडेल आणि सणही खरा मिळेल. एखाद्या वर्षी माघात यावं, उळवीची जत्रा पाहावी. चन्नबसवण्णांच्या दर्शनाला बैलगाड्या जोडून येणारी माणसं आजही दिसतात. आईवडिलांना तिकडे न्यायचं असेल तर उन्हाळ्यात न्यावं. ज्यांनी सगळा जन्म ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात घालवला त्यांना बर्फाच्या दिवसांत बंद खोलीत चार महिने ठेवणं म्हणजे शिक्षाच. खिडकीतून माणूस दिसत नाही आणि दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात.

मुलांच्या भाषेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आपल्या वाचकांना ते जिव्हाळ्याचं आहे. आपल्या घरांत मराठी चुलीपाशी आणि कन्नड दारात. गवळीवाड्यावर मराठी, बाजारात कन्नड, कुणब्यांच्या घरात कोकणी, आणि शाळेतलं पोर तिन्ही बोलतं. परदेशातल्या नातवाकडे यातलं एखादंच शिल्लक असतं, कधी तेही नसतं. "मराठी बोल, कन्नड बोल," असं म्हणून भाषा येत नाही. काम हातात दिलं की येते. गेली काही वर्षं जोयड्यात हिवाळ्यात कंदमुळांचा मेळावा भरतो, कन्नडात 'गड्डे-गेणसु मेळ'. आपल्या कुणबी बायका कणगी, करांदे, कोनफळ, मुडली असे कितीतरी कंद मांडून बसतात. त्यांच्यासमोर नातवाला उभं करा. एकेका कंदाचं नाव विचारायला सांगा, कोकणीत काय, मराठीत काय, कन्नडात काय. मग घरी आणून ते आजीसोबत शेणी पेटवून भाजायला बसवा. हात भाजला, माती लागली, तोंड गोड झालं की ते शब्द विमानातून परत जातानाही राहतात. आजीलाही त्याचं इंग्रजी दोन-चार शब्द येईल, तेही चांगलंच.

एक गोष्ट घरी राहणाऱ्यांसाठीही. वर्षभराच्या तक्रारी साठवून ठेवून पहिल्याच दिवशी पुढ्यात मांडू नका. आलेला माणूसही तिथे काही राजासारखा राहत नाही, फक्त ते सांगत नाही. आणि मनातला त्रास झाकून "आमचं छान चाललंय" असंही म्हणू नका. मधला एक दिवस निवडा, दुपारची जेवणं झाल्यावर दोघा भावांनी सुपारी सोलत बसा आणि हळूहळू बोला. हात कामात असले की बोलणं तुटेपर्यंत ताणलं जात नाही, हा आपल्याकडच्या खळ्यावरचा जुना अनुभव आहे.

सुट्टी आणि रजा यांतला फरक वर सांगितला. परदेशातल्या मुलाची रजा त्याचा साहेब मंजूर करतो. शाळेची सुट्टी सरकार देते. घरी राहिलेल्या वहिनीने, भावाने रजा कुणाकडे मागायची? त्यांच्या वर साहेब नाही आणि त्यांच्या कॅलेंडरात लाल आकडाही नाही. ती रजा बाहेरून आलेल्या भावंडालाच मंजूर करता येते, तीही न मागता. बॅगेतून चॉकलेटं, अत्तरं, फोन तर दरवर्षीच निघतात. यंदा येणाऱ्याने त्यांच्यासोबत चार दिवसांची ही रजाही आणावी, आणि उतरल्याबरोबर, चहा व्हायच्या आत, वहिनीला सांगावं, "वहिनी, तुम्ही उद्यापासून माहेरी जा. भात आम्ही बघतो."